इथून काय दिसत नाही

रामचंद्र मास्तर गेल्याची बातमी मला कचेरीत कळली आणि मी ती खरी मानली नाही. यात मायेचा भाग थोडा, स्वभावाचा जास्त. घोडेगावच्या कचेरीत दस्त नोंदवायला येणारा माणूस जे नाव सांगतो ते त्याचंच आहे, यावर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही हे माझं काम, आणि गेली पंधरा वर्षं मी ते मन लावून करतो आहे. त्यामुळे डिंभ्याच्या वाटेवरच्या एका वाडीतला गृहस्थ टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "आमच्या वाडीतलं मास्तर गेलं की वो. तुमच्या जुन्नरात व्हतं ते," तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "कोणी सांगितलं?"

"समदी वाडी म्हणतीया."

"तुम्ही पाहिलंत?"

तो गोंधळला. त्याची शेळी आजारी होती, म्हणून तो मयताला गेला नव्हता. मग पुढचं बोला, असं म्हणून मी त्याचा कागद ओढला. तो गेल्यावर मात्र टाक हातात तसाच राहिला... "तू पाहिलंस का?" हा प्रश्न मुळात माझा नव्हता. तो ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्याच मरणावर मी तो लावून बसलो होतो. दोन दिवसांनी वाडीच्या पाटलाला गाठून मयताच्या नोंदीत मी स्वतः वाचलं: रामचंद्र मास्तर, वय अदमासे साठ, ताप. आडनावाची जागा मोकळी होती.

ही गोष्ट आता महिन्यापूर्वीची. एरवी माणूस गेला की त्याचे गुण सांगायचे असतात. मला मास्तरांचे गुण सांगायचे आहेत, पण त्याआधी त्यांच्या नावावर चिकटलेली एक गोष्ट खरवडून काढायची आहे. ती चिकटवायला माझाच हात होता. पंचवीस वर्षं मी हे बोललो नाही. आता बोलतो आहे ते त्यांच्या काही उपयोगाचं नाही, हेही मला माहीत आहे.

मी मूळचा येडगावचा. शाळेसाठी जुन्नरला आत्याकडे राहायचो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, सासऱ्याच्या मागे राहिलेल्या लहानशा घरात एकटी राहणारी. ती वर्षं प्लेगाची. त्या वर्षांत जुन्नरात कुणालाही कुणाचाही वहीम यायचा. उंदीर पडला की शेजाऱ्याचा, ताप आला की वैद्याचा, आणि परगावचा माणूस दिसला की सरकारचा. तपासणीची माणसं घरात शिरून आजारी माणूस शोधायची आणि गावाबाहेरच्या छपरांत नेऊन ठेवायची. तिथे गेलेला परत येत नाही, असंच सगळे धरून चालायचे. त्यामुळे प्रत्येक घराचा मागचा दरवाजा, आतली खोली, माळा, या सगळ्यांना नवीनच महत्त्व आलं होतं. अशा गावात, आमच्या शाळेत, चित्रकला शिकवायला एक माणूस मुंबईहून आला. एकटा, हातात पत्र्याची पेटी, आडनाव विचारलं तर म्हणायचा, "मास्तर म्हणा, पुरे आहे." त्याने कागद करणाऱ्या मुसलमान घरांच्या आळीत खोली घेतली. जात कळेना, जेवण कुठे करतो कळेना. सुट्टीत मला भेटायला आलेले वडील म्हणाले, "रेघोट्या वढायला सरकार मास्तर ठेवतंय व्हय? ह्यात काय तरी मेख हाय बघ." मला ते पटलं. वहीम हा आमच्या घरातला सगळ्यांत जुना संस्कार होता.

वर्गात आम्ही बाराजण. पहिले दोन महिने आम्ही नुसत्या रेघा काढल्या. उभ्या, आडव्या, पट्टीशिवाय. तुरीच्या काड्या जाळून केलेल्या कोळशाने, आणि न घोटलेल्या जुन्नरी कागदावर. दुकानदारांच्या चोपड्यांचा कागद कारागीर दगडाने घोटून गुळगुळीत करत. मास्तर न घोटलेलाच आणायचे, कारण खरखरीत कागद कोळसा धरतो. खोडायला मनाई होती. "चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढ. कुठे चुकलास ते उद्या तुलाच पाहायचं आहे." मला वाटायचं, हा आमच्या चुका जमवतो आहे. कशासाठी जमवतो, एवढंच कळायचं बाकी होतं.

मग एक दिवस त्यांनी खिडकीत तांब्या ठेवला. मी माझ्या मते उत्तम तांब्या काढला. मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"तांब्याचं तोंड एवढं वाटोळं?"

"तांब्याचं तोंड वाटोळंच आसतंय, मास्तर."

"तू पाहिलंस का, की तुला माहीत आहे?"

मी बघितलं. तिथून तांब्याचं तोंड वाटोळं नव्हतं. चपटं होतं, जवळजवळ एक जाड रेघ. तेरा वर्षं मी रोज त्या तोंडाने पाणी पीत होतो, आणि माझ्या डोळ्यांनी मला एकदाही खरं सांगितलं नव्हतं. की डोळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं... मला राग आला. माझ्यासारख्या संशयी पोराला कुणी तरी त्याच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला शिकवलं होतं. घरी गेल्यावर मी आत्याचं तोंड, चूल, उंबरा, सगळं पुन्हा तपासून पाहिलं. उंबऱ्याच्या दोन कडा लांब जाताना जवळ येतात. भिंतीवरची सावली काळी नसते, तिच्यात थोडा निळा असतो. आत्याच्या डाव्या भुवईत एक खाच आहे, ती मी आजवर पाहिलेली नव्हती. त्या वर्षात मी चित्रकला किती शिकलो सांगता येणार नाही, पण बघायला शिकलो ते तेव्हाच, आणि आजही खोटी सही ओळखतो ती त्याच डोळ्यांनी.

दिवाळीनंतर मास्तरांनी आम्हांला घरचं काम दिलं. आपल्या घरात एके ठिकाणी बसायचं आणि समोरचं काढायचं. पण त्यांची एक पद्धत होती, ती मी पुढे कुठेच पाहिली नाही. कागदाच्या मागे दोन गोष्टी लिहायच्या: कुठे बसून पाहिलं, आणि तिथून काय दिसत नाही. "जे दिसत नाही ते चित्रात घुसडू नका. पण ते नाही असंही समजू नका. मागे लिहून ठेवा." आम्ही पोरांनी इमानेइतबारे लिहिलं. कागद तपासून झाले की मास्तर ते पेटीत ठेवायचे, वर्षअखेरच्या सरकारी परीक्षेच्या आधी परत देणार म्हणून. ज्या गावात प्रत्येक घर काही ना काही दडवत होतं, त्या गावातल्या पोरांकडून न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मागणं म्हणजे काय, हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही. मुंबईत बहुधा माणसं एकमेकांना लपवत नसावीत.

माघात आत्याला ताप आला आणि काखेत गाठ आली. तिने मला कुणाशी बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि माजघरात पडून राहिली. मी शाळेत जात होतो, कारण न जाणं जास्त संशयाचं झालं असतं. त्या आठवड्याचं चित्र मी ओटीवर बसून काढलं. ते माझं पहिलं खरं चित्र. माजघराचं दार अर्धं उघडं, आत अंधार, आणि तो अंधार मला बरोबर जमला होता. मागे मी लिहिलं: ओटीवर बसून. माजघरात आत्या निजली आहे, ती दिसत नाही. लिहिताना मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. पद्धतच तशी होती.

मास्तरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग कागद उलटला, वाचलं, आणि त्याची बारीक घडी करून माझ्या हातात ठेवला. "हा पेटीत नको. घरी ने," हळू आवाजात म्हणाले, "आणि तिच्या फार जवळ बसू नकोस." बाकी अकरा जणांचे कागद त्यांनी पेटीत टाकले. मी घडी बंडीच्या खिशात घातली. फाडायला हवी होती. पण त्यात माझा अंधार होता, फाडवेना.

तिसऱ्या दिवशी तपासणीची माणसं आमच्या आळीत आली. इकडेतिकडे न पाहता थेट आमच्या घरात शिरली आणि आत्याला डोलीत घालून घेऊन गेली. आळी दारात उभी राहून पाहत होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: ह्यांना सांगितलं कोणी? तो प्रश्न संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या खोलीपाशी जाऊन थांबला.

शाळेच्या मंडळींनी मास्तरांना बोलावलं. पालक जमले होते, येडगावहून वडीलही आले होते. मास्तरांची पेटी उघडली आणि एकेक कागद उलटून मोठ्याने वाचायला सुरुवात झाली. 'काकूने ठेवलेला गूळ दिसत नाही.' 'धान्याच्या पेवाचं तोंड उकिरड्याखाली आहे, म्हणून दिसत नाही.' 'आजोबा रुसून माळ्यावर बसले आहेत, ते दिसत नाहीत.' एरवी गाव पोट धरून हसलं असतं. त्या दिवशी प्रत्येकजण आपल्या पोराकडे आणि मग शेजाऱ्याकडे बघत होता. हसला तो एकटा मास्तरांचा घरमालक, म्हातारा कागद करणारा. तो म्हणाला, "आरं, चुगली करनारा मानूस पोरांच्या हातनं नावनिशीवार लिहून घेऊन पेटीत ठेवील का?"

अकरा कागद निघाले. बारावा नव्हता.

"तुझा कागद कुठाय?" मंडळींनी मला विचारलं. बारावा कागद माझ्या खिशात, माझ्या छातीला लागून होता. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही काढता येईल. कागद बाहेर काढला असता तर सगळ्यांनी मागची ओळ वाचली असती आणि बोट माझ्याकडे वळलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच वाटत होतं, माझ्या त्या ओळीमुळेच आत्याला नेलं. खिशातून कुणी तरी घडी काढून वाचली असेल, परत ठेवली असेल... मी म्हणालो, "मास्तरांकडं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तांब्याकडे पाहायचे तसं, नीट, घाई न करता. मी वाट पाहत होतो, आता ते विचारतील. त्यांनी विचारलं नाही. "मुलाने सांगितलं ते लिहून घ्या," एवढंच म्हणाले. बारावा कागद त्यांनीच तपासणीवाल्यांना दिला, असं सगळ्यांनी धरलं, आणि परीक्षेला दोन महिने उरले असताना ते जुन्नरातून गेले. वर्ग बंद झाला. मी कुकडीवर जाऊन कागद पाण्यात सोडला.

पुढच्या महिन्यात आत्या परत आली. वाळून काडी झाली होती, पण जिवंत होती. गावाला तिचं अप्रूप वाटलं. वडिलांनी तिला सगळं सांगितलं, त्या मास्तराला कसं पळवून लावलं तेही. आत्या ऐकता ऐकता उठून बसली.

"आरं, काय केलंसा ह्ये? त्या मास्तराचा काय संबंध? म्याच दूधवालीकडनं सांगावा धाडला व्हता, मला न्या म्हनून. ह्यो पोरगा रोज माज्या उशाशी येऊन बसायचा. ह्येला कायी झालं आसतं म्हंजी?"

बाईमाणूस आपल्या पायांनी छपरात गेलं, कुणाकुणाच्या हातचं पाणी प्यायलं, हे बाहेर कळलं असतं तर आळीने आमच्याकडे कसं पाहिलं असतं, हे वडील मनात मोजत असावेत. शेवटी म्हणाले, "ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या. मास्तर परका, गेला. आपल्याला हितं ऱ्हायाचंय." अख्ख्या जुन्नराने चोर शोधला होता, आणि जिने सांगितलं तिच्यावर कुणाचा वहीम जाणं शक्यच नव्हतं, कारण ती आजारी होती. मी माजघराच्या दारात उभा होतो. मला तेव्हाच कळलं होतं की पळत जाऊन ओरडून सांगायला हवं. मी गेलो नाही.

आत्या पुढे दहा वर्षं जगली. अधूनमधून म्हणायची, "त्या मास्तराला एक पत्तर टाक रं." मी म्हणायचो, पत्ता माहीत नाही. ज्याच्या हातून बनावट नावांची माणसं सुटत नाहीत, त्याला एका मास्तराचा पत्ता मिळत नव्हता.

पत्ता स्वतःच माझ्या टेबलापाशी आला. मी घोडेगावला आलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, वाटणीपत्र घेऊन चार भाऊ आले आणि ओळख पटवायला सोबत मास्तर. केस पिकलेले, बोटांना रंग. गाड्यांवर नावं काढणं, बैलांची शिंगं रंगवणं, देवळातली पुसट चित्रं उजळणं, यावर ते त्या वाडीत राहत होते, हे मला त्या दिवशी कळलं. नियमाप्रमाणे मी विचारलं, "या माणसांना तुम्ही ओळखता?" त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "ओळखतो." माझ्याकडेही पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी बोट ठेवून म्हटलं, "इथे सही करा." त्यांनी सही केली आणि ते निघून गेले. त्यांनी मला ओळखलं की नाही, यावर मी कित्येक वर्षं स्वतःशी वाद घातला. आता घालत नाही. चेहरा विसरणारे डोळे नव्हते ते.

गेल्या रविवारी मी वाडीवर गेलो. दोन कोसांची वाट, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ठकूबाई नावाच्या म्हातारीच्या पडवीत मास्तर राहत होते. खोली झाडून घेतलेली, कोपऱ्यात रंगाच्या चार वाट्या. मी त्यांचा जुना विद्यार्थी, एवढं सांगितल्यावर ती माझ्याकडे निरखून बघू लागली. ते बघणं मला ओळखीचं होतं, आमच्या आळीत सगळे तसंच बघत.

"मंग तुमाला ठावं आसंल," ती म्हणाली. "त्यास्नी जुन्नरास्नं का काढलं व्हतं? कुनाची तरी चुगली क्येली, मानसं धरून दिली म्हनत्यात. बाजारात आयकलं व्हतं आमी. खरं हाय का त्ये?"

म्हणजे ते बालंट त्यांच्या आधीच इथे येऊन पोचलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो म्हणून त्यांना जावं लागलं."

"कवा?"

"पंचवीस वर्षं झाली."

"आन तुमी घोडेगावात किती वर्सं हाय?"

"पंधरा."

तिने कोपऱ्यातल्या वाट्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "वाडीतलं येक पोर आमी त्यांच्याकडं शिकाया धाडलं न्हाई. माजा नातू भिताडावर कोळशानं बैल काढायचा. मास्तर लांबनं बगायचं, आन मी पोराला वढून आत न्यायची. कदी येका शबदानं बोललं न्हाईत."

बाहेर आल्यावर तिने पडवीच्या कोपऱ्यावरचा एक बसका दगड दाखवला. सांजवेळी मास्तर रोज तिथे बसायचे. दगड अशा जागी होता की बसणाऱ्याची पाठ वाडीकडे यावी. "येकदा मी म्हनलं," ठकूबाई म्हणाली, "मास्तर, हिकडं तोंड करून बसा की, चार मानसं दिसत्याल. तर म्हनलं, नको बाई, कुनाला वाटाया नको, ह्यो घरात बघतोय म्हनून."

ती आत गेली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मी त्या दगडावर बसलो. समोर कातळ, कातळाच्या कडेला एक बाभूळ, पलीकडे मोकळं रान. ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्याने माझ्यामुळे इतकी वर्षं रोज एवढंच पाहिलं. मागे वाडीत पोरं खेळत होती, बाया एकमेकींना हाका मारत होत्या, कुणी तरी हसत होतं. ते सगळं त्यांना तिथे बसून रोज ऐकू येत असणार.